‘दोषी’ रकाना: पास-संरक्षणाच्या प्रकल्प नोंदी

७ जून २०२५, शनिवार

सुरुवात. काम काय आहे ते आधी स्वतःलाच लिहून देतो, नाहीतर महिन्याभरात भरकटतो. मागचा आयपीएलचा प्रकल्प असाच वाहून गेला.

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक चेंडू फेकायला मागे सरकतो, तेव्हा त्याच्यासमोर पाच धिप्पाड गडी उभे असतात. मधे सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, दोन टोकांना टॅकल. या पाचांनी मिळून राखलेली जागा म्हणजे पॉकेट. ती फुटली की क्वार्टरबॅक आडवा होतो (सॅक), पळत सुटतो किंवा घाईघाईत फेकतो. मला तीन गोष्टी हव्यात: पॉकेट कुठून फुटलं, कितव्या सेकंदाला फुटलं आणि तेव्हा क्वार्टरबॅकची नजर कुठे होती.

साहित्य दोन प्रकारचं आहे. एक म्हणजे फिल्म. ऑल-२२ म्हणतात ती, उंचावरून घेतलेली, बावीसच्या बावीस खेळाडू दिसणारी, शिवाय एंड झोनमागचा (मैदानाच्या दोन टोकांच्या गुणपट्ट्या म्हणजे एंड झोन) दुसरा कोन. टीव्हीवर चेंडूच्या मागे धावणारा कॅमेरा या कामाला शून्य उपयोगाचा. दुसरं म्हणजे डेटा: एनएफएलच्या (अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग) बिग डेटा बोल या डेटा-विश्लेषण स्पर्धेचा २०२३ चा संच. त्या वर्षीचा विषयच पास रश (क्वार्टरबॅकवर धावून जाणं) आणि संरक्षण हा होता. २०२१ च्या हंगामाचे पहिले आठ आठवडे, १२२ सामने आणि मैदानावरच्या प्रत्येकाची जागा सेकंदाला दहा वेळा. वर प्रत्येक खेळीत कोणी कोणाला अडवलं, कोण कोणाकडून हरला याच्या माणसांनी केलेल्या नोंदी.

मला सगळ्यात जास्त खुपणारा सामना, म्हणजे सुपर बोल ५५ (सुपर बोल म्हणजे हंगामाचा अंतिम सामना), या संचात नाही. तेव्हा पद्धत डेटावर बसवायची आणि ती घेऊन फिल्म बघायची.

सारणीचे रकाने: सेकंद, कोण सुटून आला, कोणत्या बाजूने, पहिली नजर, दुसरी नजर, निकाल आणि शेवटी ‘दोषी’.

८ जून, रविवार

सकाळपासून डावे टॅकल उजवीकडे दिसत होते.

चूक माझीच. काही खेळी डावीकडे जातात, काही उजवीकडे, म्हणून सगळ्या एका दिशेला वळवून घ्याव्या लागतात. मैदानाची लांबी एंड झोन धरून १२० यार्ड, तेव्हा मी एक्स, म्हणजे लांबीवरचा आकडा, १२० मधून वजा केला आणि हात झटकले. पण नुसता एक्स उलटवला की ते फिरवणं होत नाही, आरसा होतो. रुंदीसुद्धा ५३.३ मधून वजा करायला हवी. अर्ध्या खेळींत उजव्या गार्डची पापं मी डाव्याच्या माथी मारत होतो.

अडीच तास गेले.

१४ जून, शनिवार

आज कोड नाही. वहीत फक्त बेरीज-वजाबाकी. हा खेळ नवा असलेल्या दोघातिघांना मी या नोंदी दाखवणार आहे, म्हणून सविस्तर.

दोन्हीकडे अकरा. आक्रमणाकडे पाच अडवणारे, पाच चेंडू झेलू शकणारे आणि क्वार्टरबॅक. बचावाने चारच जण अंगावर धाडले तर पाच विरुद्ध चार. एक अडवणारा मोकळा राहतो, तो शेजाऱ्याच्या मदतीला जातो. मागे मात्र पाच झेलणाऱ्यांवर सात जण नजर ठेवून. चारांहून जास्त धाडणं म्हणजे ब्लिट्झ. बचावाने सहा धाडले तर पाच विरुद्ध सहा. सहावा कोणाचा? क्वार्टरबॅकचा. त्याला अडवायला कोणी नसतो. तो पोचायच्या आत चेंडू हातातून गेला पाहिजे, आणि तो जिथून निघाला ती जागा आता रिकामी असते, चेंडू तिथेच टाकायचा. याला हॉट म्हणतात.

म्हणून स्नॅपच्या आधी (सेंटर चेंडू मागे देतो आणि खेळी सुरू होते, तो स्नॅप) सेंटर आणि क्वार्टरबॅक बोट दाखवून ओरडत असतात, ‘५४ माइक!’ वगैरे. माइक हा मधला लाइनबॅकर, बचावाच्या दुसऱ्या फळीतला गडी. पण ही घोषणा म्हणजे ‘तोच मधला आहे’ असं ओळखणं नव्हे. ‘मोजणी इथून सुरू करा’ एवढाच तिचा अर्थ. त्यावरून कोणी कुठे सरकायचं, रनिंग बॅकने (क्वार्टरबॅकजवळ उभा राहणारा, चेंडू घेऊन धावणारा गडी) कोणाला बघायचं, कोणाला मोकळं सोडायचं हे ठरतं. एकाने जरी वेगळा माइक ऐकला तरी दोघे एकाच माणसावर जातात आणि दुसरा सरळ आत शिरतो. टीव्हीवर दिसतं ते असं की टॅकल ढिम्म उभा राहिला.

म्हणजे ब्लिट्झला उत्तर असतं, आणि ते बहुतेक वेळा स्नॅपच्या आधीच ठरलेलं असतं. चौघांनीच पॉकेट फोडलं तर उत्तर कुठे? मागे सात उभे आहेत, रिकामी जागाच नाही. मला वाटतं हा सगळा प्रकल्प या एका ओळीभोवती फिरणार आहे.

१५ जून, रविवार

सुपर बोल ५५, ७ फेब्रुवारी २०२१, टॅम्पा. आपल्याकडे सोमवारची पहाट, पाच वाजता सुरू. तेव्हा चहाचा कप हातात घेऊन बघितला होता आणि मध्यांतराला २१-६ झाल्यावर कंटाळून कामाला बसलो होतो. आज पुन्हा बघितला, खेळी थांबवत, मागे नेत. टॅम्पा बे बकनियर्स ३१, कॅन्सस सिटी चीफ्स ९. चीफ्सचा एकही टचडाउन (चेंडू एंड झोनमध्ये नेणं, सहा गुण) नाही, तीन फील्ड गोल (लाथेने मारलेले, तीन-तीन गुणांचे) फक्त.

ईएसपीएनच्या मोजणीनुसार चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्स याच्यावर ५६ पैकी २९ वेळा दबाव आला. सुपर बोलच्या इतिहासात तोवर कोणावरही इतका आला नव्हता. सॅक मात्र तीनच. नुसता सॅकचा आकडा वाचणाऱ्याला हा सामना कळणारच नाही. चेंडू फेकण्याआधी किंवा पडण्याआधी माहोम्स त्या दिवशी एकूण ४९७ यार्ड नुसता पळाला, हेही मोजलेलं आहे.

चीफ्सची भिंत कशी उभी होती ते लिहून ठेवतो. डावा टॅकल एरिक फिशर दोन आठवड्यांपूर्वी बिल्सविरुद्ध घोट्यामागची शीर तुटून बाहेर. उजवा टॅकल मिचेल श्वार्ट्झ पाठीमुळे ऑक्टोबरपासून बाहेर. मग उजवीकडे खेळणारा माइक रेमर्स डावीकडे नेला. उजवा गार्ड अँड्र्यू वायली उजव्या टॅकलला सरकवला. वायलीच्या जागी स्टीफन विस्न्यूस्की. भिंतीला भगदाडं दोन, पण ती बुजवायला शेजारची वीट काढल्यामुळे हललेल्या जागा तीन.

समोर शकील बॅरेट आणि जेसन पिअर-पॉल टोकांना, एनडामुकन सू आणि व्हिटा व्हेआ मधे. बचावाचे सूत्रधार टॉड बोल्स. बोल्स म्हटलं की ब्लिट्झ, अशी त्यांची ख्याती. त्या दिवशी त्यांनी जेमतेम दहा टक्के वेळा ब्लिट्झ केला. गरजच पडली नाही.

‘दोषी’ रकाना आज पटापट भरला. रेमर्स, वायली, रेमर्स, रेमर्स, वायली.

२१ जून, शनिवार

पालख्या शहरात. बाहेर पडायचा प्रश्नच नाही, म्हणून घरात बसून मागच्या रविवारचं काम तपासलं, आणि त्यातलं निम्मं खोडावंसं वाटतंय.

आज डोळे पुढच्या पाचांवर ठेवलेच नाहीत. मागे सेफ्टी, म्हणजे बचावाचे सगळ्यात मागचे राखणदार, कुठे उभे आहेत तेवढंच बघितलं. टॅम्पाने दहापैकी जवळजवळ नऊ वेळा दोन सेफ्टी खोल ठेवले होते. चीफ्सचा झेलणारा टायरिक हिल, त्याच्या डोक्यावर कायम कोणीतरी. दहा आठवड्यांपूर्वी, २९ नोव्हेंबर २०२० ला, हेच दोन संघ याच मैदानावर भिडले होते. तेव्हा हिलवर कितीदा तरी एकटा माणूस सोडला आणि हिलने पहिल्याच क्वार्टरमध्ये २०३ यार्ड केले, सामन्यात २६९. चीफ्स २७-२४ जिंकले. बोल्सनी तो धडा गिरवला.

याचा पॉकेटशी संबंध काय, ते आता लिहितो, कारण मला स्वतःला ते आज नीट कळलं.

चीफ्सच्या खेळींत पहिली नजर खोलवर असायची. त्या खोल धावेला वेळ लागतो. माहोम्स मागे येतो, वर बघतो, दोन सेफ्टी दिसतात, पहिला बंद. नजर दुसऱ्यावर, तोही झाकलेला. तिसरा म्हणजे जवळचा छोटा पास, तो मोकळा असतो, पण तोवर अडीच सेकंदं होऊन गेलेली असतात. अडीच सेकंद रेमर्सने बॅरेटला धरून ठेवलं असेल तर त्याचं काम झालं म्हणायचं की नाही? ईएसपीएन अडवणाऱ्यांचा जो ‘विन रेट’ काढतं त्याची हद्द नेमकी तेवढीच आहे, अडीच सेकंद. माझ्या डेटात २५ फ्रेम.

म्हणजे घड्याळं दोन चालू असतात. एक पॉकेट फुटण्याचं, एक झेलणारा मोकळा होण्याचं. कोणतं आधी वाजतं एवढाच प्रश्न. सारणीत दोन नवे रकाने घातले: ‘फुटलं’ आणि ‘उघडला’. दोन्ही सेकंदांत. नोव्हेंबरच्या सामन्यात ‘उघडला’ आधी येतो, फेब्रुवारीत ‘फुटलं’ आधी येतं. नोव्हेंबरात फिशर डावीकडे होता ही गोष्ट विसरायची नाही, तुलना तेवढी सरळ नाही. पण श्वार्ट्झ तेव्हाही नव्हता.

दुपारभर ढोल-टाळांचा आवाज येत होता. हेडफोन काढून ठेवले. या फिल्मला तसाही आवाज नसतो.

२८ जून, शनिवार

भाची सिनसिनाटीत शिकते. तिला हा प्रकल्प सांगितल्याचा पश्चात्ताप होतोय, कारण ती आता तिथल्या बेंगल्स संघाची कट्टर भक्त आहे आणि तिला एकाच खेळीवर निवाडा हवा आहे.

खेळी अशी. १३ फेब्रुवारी २०२२, सुपर बोल ५६, रॅम्स २३, बेंगल्स २०. ४३ सेकंद शिल्लक, चौथा डाउन (दहा यार्डांसाठी मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला शेवटचा), एक यार्ड हवा, चेंडू रॅम्सच्या ४९ यार्ड रेषेवर. आधीच्या खेळीत धावून तो एक यार्ड काढायचा प्रयत्न रॅम्सच्या अ‍ॅरन डॉनल्डने मोडला होता. आता बेंगल्सचा क्वार्टरबॅक जो बरो मागे येतो. डॉनल्ड गार्डला चुकवून थेट अंगावर. बरो गिरकी खात पडता पडता चेंडू भिरकावतो, रनिंग बॅकपर्यंत तो पोचत नाही. संपलं. आणि तिकडे कडेला बेंगल्सचा झेलणारा जमार चेस त्याच्यावरच्या जेलन रॅम्झीला मागे टाकून एकटा धावतोय.

“मामा, गार्डची चूक. यात शोधायचंय काय?”

म्हटलं, एक यार्ड हवा होता ना, मग खोल धावेची वाट बघायची कशाला?

“अरे पण चेस मोकळा होता!”

होता. पण तो मोकळा झालेला दिसेपर्यंत डॉनल्डचा हात बरोच्या जर्सीवर होता. अर्ध्या सेकंदाचा मामला. मी तिला माझे दोन रकाने दाखवले. ती म्हणाली, हे सगळं ठीक आहे, पण त्या दिवशी बरोला सात वेळा पाडलं, आणि त्याआधी टायटन्सविरुद्ध नऊ वेळा पाडलं होतं, त्याचं काय? नऊ सॅक खाऊन तो सामना १९-१६ जिंकले होते, हेही तिनेच ऐकवलं. त्या हंगामात प्लेऑफ धरून ७० वेळा पडलेल्या माणसाच्या बाजूने बोलणाऱ्या मुलीशी वाद घालण्यात अर्थ नाही.

पण तिच्या बोलण्यातला एक धागा मी टिपून ठेवला. सात वेळा पडलेला माणूस आठव्या वेळी जेव्हा वर बघतो, तेव्हा तो खरंच वर बघत असतो का? की एक डोळा डॉनल्डवर असतो?

‘दोषी’: रिकामा ठेवला. भाचीला सांगितलं नाही.

५ जुलै, शनिवार

खोली.

हा रकाना मी आधी ठेवलाच नव्हता. आज डेटात क्वार्टरबॅक स्नॅपच्या रेषेपासून किती यार्ड मागे आहे ते प्रत्येक फ्रेमला काढलं आणि टॅकलचा मार्ग त्याच चित्रावर काढला. चित्र बघताच कळलं की मी टॅकलशी महिनाभर अन्याय करतोय.

टॅकलचं काम टोकाच्या धावणाऱ्याला पूर्ण थांबवणं हे नसतंच. त्याला बाहेरून, लांबच्या वाटेने, क्वार्टरबॅकच्या मागून फिरवून लावणं हे त्याचं काम. एक वर्तुळ डोळ्यासमोर आणा, क्वार्टरबॅक त्याच्या आत सात-आठ यार्डांवर. तो तिथेच थांबला किंवा एक पाऊल पुढे आला, तर टोकाचा माणूस मागून सुसाट निघून जातो आणि टॅकल जिंकतो. पण क्वार्टरबॅक दहा यार्ड मागे गेला, तर टॅकलने ज्या वाटेवर त्याला ढकललं ती वाट थेट क्वार्टरबॅकच्या छातीवर येते. टॅकलची पाठ त्याच्याकडे. आपला माणूस मागे सरकलाय हे त्याला कळणार कसं?

माहोम्सला मागे मागे सरकायची खोड आहे. त्याच खोडीतून त्याचे अफाट पास निघतात, हेही खरं. पण सुपर बोल ५५ मध्ये ही खोड आणि बदली डावा टॅकल अशी गाठ पडली.

पुढे का येत नव्हता मग? कारण पुढे जागा नव्हती. सू आणि व्हेआ गार्डांना मागे रेटत आणत होते. बाजूने येणारा दबाव क्वार्टरबॅकला पुढे ढकलतो, मधून येणारा मागे. दोन्ही एकदम आले की माणूस घाण्याच्या बैलासारखा गोल गोल फिरतो. ४९७ यार्ड.

रेमर्सच्या नावापुढच्या तीन नोंदी पुसल्या.

६ जुलै, रविवार

एकादशी. साबुदाण्याची खिचडी आणि पीएफएफच्या (प्रो फुटबॉल फोकस, संचातल्या माणसांनी केलेल्या नोंदी याच कंपनीच्या) नोंदी. डेटात काही सॅक असे सापडतात की ते पाचांपैकी कोणाच्याच खात्यावर नाहीत. आधी वाटलं नोंद राहून गेली. चारपाच खेळींची चित्रं काढली, तर अडवणारे सगळे आपापल्या जागी ठाम आणि क्वार्टरबॅक चेंडू कवटाळून उभा. नोंद करणाऱ्यांनी बरोबर केलं होतं.

१२ जुलै, शनिवार

आज स्टंट. यात सगळ्यात मजा आली.

बचावातले शेजारी-शेजारी उभे असलेले दोघे वाटा बदलतात. आतला तिरका बाहेर घुसतो, आक्रमणाच्या टॅकलला धडक देतो, आणि टोकाचा त्याच्या पाठीमागून वळसा घेऊन आत येतो. आता गार्ड आणि टॅकल यांनी आपापले गडी अदलाबदल करायचे. गार्डने आपल्या माणसामागे जायचं नाही, त्याला टॅकलच्या स्वाधीन करायचं आणि वळसा घालून येणाऱ्यासाठी थांबायचं. एक अर्धा क्षण असा असतो की गार्डसमोर कोणीच नसतं. त्या क्षणी न हलता थांबणं हे सगळ्यात अवघड काम.

शाळेत कबड्डीत मी कोपऱ्यात असायचो. शेजारच्याशी साखळी केली की एक नियम असायचा: हात धरलाय तोवर एकट्याने झेप घ्यायची नाही. चढाईवाला पाय पुढे टाकून मुद्दाम एकालाच खेचतो, तो भुलला की साखळी तुटते आणि दुसऱ्याच्या हातात हवा. इथे अगदी तेच. म्हणून सारणीत फुटण्याचे दोन प्रकार केले: ‘गडी’ म्हणजे एकास एक झुंजीत हरला, आणि ‘साखळी’ म्हणजे दोघांचा मेळ चुकला.

‘साखळी’ ओळखायची खूण: दोन अडवणारे एकाच माणसावर, आणि शेजारून दुसरा हात न लागता आत. डेटात ही खूण शोधणं सोपं नाही. प्रत्येक फ्रेमला प्रत्येक अडवणाऱ्याचा सगळ्यात जवळचा प्रतिस्पर्धी काढला, दोघांचा एकच निघाला की लाल. पण मुद्दाम दोघांनी मिळून एकाला अडवणं हेही तसंच दिसतं. तेव्हा अट वाढवली: लाल, आणि त्याच वेळी तिसरा कोणी मोकळा. अजून खोटे इशारे येतात, पण निम्म्याहून कमी.

आणि इथेच ‘दोषी’ रकान्याची पंचाईत. साखळी तुटली तर दोष कोणाला? गार्ड घाईत गेला म्हणून गार्डला? की टॅकलने नीट हाकच दिली नाही? की सेंटरने आधी सरकायची दिशा चुकीची सांगितली? की क्वार्टरबॅकने माइक बदलला आणि चौघांनीच ऐकलं? फिल्म मूक आहे. त्यांचं आपसात काय ठरलं होतं हे मला कधीच कळणार नाही.

१३ जुलै, रविवार

पॉकेटचं क्षेत्रफळ काढायचा प्रयत्न केला, पाचही अडवणारे आणि क्वार्टरबॅक यांना दोरी गुंडाळल्यासारखं. दिसायला सुंदर, कामाला निरुपयोगी. क्वार्टरबॅक मुद्दाम एका बाजूला पळत गेला की क्षेत्रफळ प्रचंड वाढतं आणि आलेख सांगतो, सगळं छान चाललंय. फाइल वेगळ्या फोल्डरात टाकली.

२० जुलै, रविवार

सुपर बोल ५९, ९ फेब्रुवारी २०२५, न्यू ऑर्लीन्स. फिलाडेल्फिया ईगल्स ४०, चीफ्स २२. हा आकडा फसवा आहे, एके काळी ३४-० होतं. मध्यांतरापर्यंत चीफ्सच्या सगळ्या आक्रमणाचे मिळून २३ यार्ड.

ईगल्सचे बचावाचे सूत्रधार व्हिक फँजिओ. ब्लिट्झ किती? शून्य. पूर्ण सामन्यात एकदाही नाही. सॅक सहा. १४ जूनची माझी वहीतली ओळ इथे अक्षरशः उभी राहते.

आणि भिंत बघा. डाव्या टॅकलला कोणी टिकेना, म्हणून हंगामाच्या शेवटी संघातला सगळ्यात भरवशाचा डावा गार्ड, जो थूनी, टॅकलला सरकवला होता आणि गार्डच्या जागी माइक कॅलिएंडो. पुन्हा तेच! चार वर्षांपूर्वीही शेजारची वीट काढून भगदाड बुजवलं होतं. तेव्हा हरल्यावर त्यांनी अख्खी भिंत नवी बांधली आणि त्या बांधणीची पहिली वीट होता हाच थूनी.

एक क्रम मी दहा-बारा वेळा बघितला. दुसरा क्वार्टर, लागोपाठ दोन सॅक. तिसऱ्या डाउनला लांबचं अंतर. माहोम्स उजवीकडे पळत जातो आणि शरीराच्या उलट, मैदानाच्या मधल्या बाजूला फेकतो. ईगल्सचा बचावपटू कूपर डीजीन तिथे उभाच आहे, चेंडू घेतो आणि ३८ यार्ड धावत टचडाउन. त्या दिवशी डीजीनचा वाढदिवस होता. सारणीत ही खेळी कुठे घालायची? सॅक नाही. फेकण्याच्या क्षणी अंगाला कोणाचा हात नाही. ‘फुटलं’ रकान्यात लिहिण्यासारखं काही नाही. पण माझ्या मते ही खेळी आधीच्या दोन खेळींतच फुटली होती.

भाचीने २८ जूनला विचारलेलं हेच. २०१९ मध्ये पेट्रियट्सविरुद्ध ३३-० हरलेल्या सामन्यात जेट्सचा क्वार्टरबॅक सॅम डार्नल्ड बाकावर बसून म्हणाला होता की मला भुतं दिसतायत. कपड्यांवर माइक होता, सगळ्या देशाने ऐकलं. त्या सामन्यात त्याचे चार पास बचावाने झेलले (इंटरसेप्शन). लोक हसले. मला ते क्वार्टरबॅकने स्वतःच्या नजरेबद्दल केलेलं सगळ्यात प्रामाणिक निदान वाटतं.

नवा रकाना: ‘मागच्या तीन खेळींत काय झालं’.

२६ जुलै, शनिवार

दिवसभर पाऊस, दोनदा वीज गेली. त्यामुळे एकच गोष्ट.

सुपर बोल ५७, फेब्रुवारी २०२३, चीफ्स ३८, ईगल्स ३५. त्या हंगामात ईगल्सने साखळी सामन्यांत ७० सॅक केले होते. त्या रात्री माहोम्सला एकदाही पाडता आलं नाही. ग्लेनडेलचं गवत घसरडं होतं, धावणाऱ्यांचे पाय सटकत होते, हे ईगल्सच्या बाजूने लिहून ठेवतो. पण सारणीत उजव्या टॅकलचं नाव लिहिताना थबकलो.

अँड्र्यू वायली. तोच. सुपर बोल ५५ मध्ये उजव्या टॅकलला उभा असलेला, ज्याचं नाव मी १५ जूनला ‘दोषी’ खाली दोनदा लिहिलं होतं. दोन वर्षांनी तीच जागा, समोर त्याहून धारदार माणसं, आणि सॅक शून्य. फरक काय? शेजारी नवे होते: सेंटर क्रीड हम्फ्री, उजवा गार्ड ट्रे स्मिथ. दोघेही २०२१ च्या ड्राफ्टमधले (कॉलेजच्या खेळाडूंची संघांनी केलेली वार्षिक निवड), स्मिथ तर थेट सहाव्या फेरीतला. वायली आता उसन्या जागेवरही नव्हता, सगळा हंगाम तिथेच खेळला होता. चेंडूही लवकर सुटत होता. हिल तोवर मायामीला गेला होता, खोल धावेची वाट बघत बसायचं कारण कमी झालं होतं.

२ ऑगस्ट, शनिवार

‘दोषी’ रकाना काढून टाकला.

त्याजागी दोन: ‘दिसलं’ आणि ‘अंदाज’. पहिल्यात फक्त डोळ्यांना दिसतं ते. उदाहरणार्थ, ‘गार्ड आत वळला, टोकाचा माणूस त्याच्या बाहेरून गेला, २.३ सेकंद’. दुसऱ्यात माझं मत, आणि त्यापुढे खात्रीचा आकडा, १ ते ३. साखळी प्रकारात खात्री १ च्या वर जाऊ द्यायची नाही असा नियम केला. नियम मोडायचा मोह रोज होतो.

जुन्या नोंदी नव्या पद्धतीने लिहायला संध्याकाळचे सात वाजले. सुपर बोल ५५ च्या ओळी आता लांबलचक आहेत आणि वाचायला कंटाळवाण्या. चौथ्या क्वार्टरमधली ती प्रसिद्ध खेळी तेवढी अजून अंगावर येते: चौथा डाउन, माहोम्स हवेत जमिनीला समांतर, पडता पडता फेकलेला चेंडू एंड झोनमध्ये डॅरेल विल्यम्सच्या तोंडावरच्या जाळीवर आपटतो. ‘दिसलं’ मध्ये मी लिहिलं: फुटलं, दोन्ही बाजूंनी. उघडला, हो. पोचला, हो. झेलला, नाही.

९ ऑगस्ट, शनिवार

राखी. ताई आली होती. लॅपटॉपवर लाल-निळे ठिपके बघून विचारलं, हे ऑफिसचं का? मी हो म्हटलं.

पुढच्या कामाची यादी करून ठेवतो. हंगाम ४ सप्टेंबरला सुरू, आपल्याकडे ५ तारखेची पहाट. चीफ्सनी थूनीला मार्चमध्ये बेअर्सकडे धाडलं आणि ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत जॉश सिमन्स घेतला, ओहायो स्टेटचा डावा टॅकल. म्हणजे या वेळी गार्ड सरकवून भागवायचा बेत दिसत नाही. पहिले चार सामने फक्त डावी बाजू बघणार: माहोम्सची खोली, सिमन्सचा मार्ग, दोन घड्याळं.

रात्री ताईच्या फोनवरून भाचीशी बोलणं झालं. नवी सारणी तिला परवाच पाठवली होती, बरोची ओळ धरून. तिने ती तपासून परत पाठवली आहे. ‘दिसलं’ ला हात लावलेला नाही. ‘अंदाज’ मध्ये माझी चार वाक्यं काढून ‘गार्ड’ एवढंच लिहिलंय, आणि खात्रीच्या रकान्यात ५.